दुसरी कडी

साळुंखेबाई नवीन माणूस भेटलं की तोंडाकडे न बघता आधी कानाकडे बघायच्या. मी विट्याच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी हेडमास्तरांनी माझी ओळख करून दिली. बाईंनी नमस्कार केला, मान जरा वाकडी करून माझा कान न्याहाळला आणि विचारलं, "कानाची पाळी चिकटलेली आहे तुमची. आईकडची की वडिलांकडची?" मी वाईची. आमच्याकडे पहिल्या भेटीत फार तर आडनाव विचारतात. मी म्हटलं, कधी पाहिलं नाही. "मग दिवाळीला गेलात की पाहून या. आणि दोन्हीकडचं धरायचं," असं म्हणून बाई तासाला निघून गेल्या. ही बाई एक तर ज्योतिषीण असावी नाही तर थोडी चळलेली, असं माझं पहिलं मत झालं.

दोन्हींतलं काहीच नव्हतं. त्या शास्त्र शिकवायच्या, आणि शास्त्रातही आनुवंशिकता हा त्यांचा जीव की प्राण. पुस्तकात त्या धड्याला जेमतेम काही पानं होती, पण बाई तो धडा वर्षभर पुरवायच्या. शाळेच्या व्हरांड्यात दूधपावडरच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी वाघ्या घेवडा आणि पांढरा घेवडा लावलेला असायचा. त्याला पाणी घालण्यावरून मुलींची भांडणं व्हायची. प्रत्येक पोरानं घरी जाऊन बघून यायचं, जीभ कुणाची गुंडाळते, हनुवटीला खळी कुणाच्या आहे, कानाची पाळी कुणाची सुटी आहे. पोरं आज्याचं, चुलत्याचं सांगायची. आजोळचं कुणी विचारलेलंच नसायचं. मग बाई त्यांना परत पाठवायच्या. "दोन्हीकडचं धर. एका पायावर माणूस उभा राहतो का?"

दुसरा त्यांचा शब्द म्हणजे "कशावरून?" कुणी काहीही ठाम बोललं की हा शब्द यायचा. हेडमास्तर म्हणाले, यंदाची दहावीची बॅच मठ्ठ आहे. बाई म्हणाल्या, कशावरून? शिपाई म्हणाला, मांजर आडवं गेलं म्हणून सायकल पंक्चर झाली. त्यालाही तेच. लग्नाला गेल्या तर मांडवात बसून माणसांची नाकं आणि कान बघत बसायच्या आणि मला कोपरानं ढोसून सांगायच्या, ही नवरदेवाची सख्खी मावशी, पैज लावा. मी पैजेला वडापाव लावायचे आणि दर वेळी हरायचे.

अंगापिंडानं बाई भक्कम होत्या. रुंद खांदे, मोठे पंजे, आवाज असा की मैदानातला पोरगा वर्गात येऊन बसायचा. माण तालुक्यातल्या एका पैलवानाची ही लेक. वडिलांना सगळं गाव पैलवानतात्या म्हणायचं. त्यांनी उभ्या आयुष्यात डोकं दुखतंय म्हणून गोळी घेतली नाही, हे बाई फार कौतुकानं सांगायच्या. तात्यांचे सुटे, लोंबते कान बाईंनी घेतले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

एक प्रसंग विट्यात अजून जुनी माणसं सांगतील. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आईला तिसरी मुलगी झाली म्हणून बाप तिला माहेरी घालवून मोकळा झाला होता. बाईंनी त्याला शाळेत बोलावलं. तो आला, मिशीला पीळ देऊन बसला. बाईंनी टेबलावर घेवड्याच्या दोन मुठी ठेवल्या, एक नुसती पांढऱ्याची आणि एक मिसळलेली. आईकडे फक्त पांढरंच असतं, त्यातून ती दुसरं देणार कुठून, वाघ्या दाणा म्हणजे मुलगा, तो पडला तर बापाच्याच मुठीतून पडणार, असं त्यांनी त्याला दाणे उचलायला लावून दाखवलं. मग म्हणाल्या, "बियाणं तुझं, पेरलंस तू, आणि दोष शेताला?" गडी खाली मान घालून गेला. बायकोला घेऊन आला का, तर आला. वर बाईंना कोंबडी देऊन गेला, ती बाईंनी परत केली.

मी बाईंच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. विट्यातल्या कितीतरी घरांसारखंच तेही घर. बाईंच्या मालकांचं लांब दक्षिणेत सोनं गाळण्याचं दुकान, गलाईचं, आणि मालक घरी दिसायचे दिवाळीला नि जत्रेला. एकुलता मुलगा अजित कॉलेज संपवून बापाच्या हाताखाली जायच्या बेतात होता. आणि घरात होती रंजना. बाईंच्या भावाची थोरली मुलगी. माणातल्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून बाईंनी तिला शिकायला आणली ती घरचीच होऊन राहिली. आत्याला ती आत्ती म्हणायची. वेणी बाईच घालायच्या, अभ्यास बाईच घ्यायच्या आणि "कशावरून?" असं उलट विचारायचं धाडस त्या घरात तिचं एकटीचं होतं.

ही रंजी बाईंची सून होणार हे जगजाहीर होतं. तिच्या बारशाला आत्या म्हणून बाईंनीच पाळण्यात वाकून तिच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं होतं. रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. "वहिनीनं असा हाणला, वाईकर, की पैलवानाची लेक असून कळवळले," असं बाई मला सांगायच्या. वाईची म्हणून मी वाईकर. त्याच बारशात पाठ चोळत त्यांनी भावाला सांगून टाकलं, की ही माझ्या अजितला. आमच्या भागात भावाची मुलगी सून म्हणून आणायची यात नवल काहीच नाही. उलट माहेर तुटत नाही म्हणून बायका ते जपतात. अजितसमोर रंजी यायची झाली की दाराशी थबकायची, आणि अजित उगाच माठातलं पाणी पुन्हा पुन्हा प्यायचा. आम्ही दोघी बघून हसायचो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी बाईंच्या साडीच्या निऱ्या आखूड पडायला लागल्या. पोट सुटलं, आता प्रमोशन मिळणार, असं त्याच म्हणायच्या. जेवण दोन घास गेलं की पुरे व्हायचं. गावातल्या डॉक्टरांनी गॅसवर औषध दिलं. महिने गेले. शेवटी मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा कळलं की अंडाशयाचा कॅन्सर आहे आणि तो पोटात पसरलाय. ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं सुरू झाली. केस गेले. डोक्यावरून पदर घेऊन बाई शाळेत आल्या तेव्हा पोरांत कुजबुज झाली की बाई देवाधर्माला लागल्या. बाईंनी वर्गात उभं राहून सांगितलं, औषधानं केस गेलेत, परत येतील, आता वह्या काढा. शेजारणीनं करणीचा संशय काढून देवऋषी सुचवला. तिलाही "कशावरून?" ऐकावं लागलं.

तपासणीला मिरजेला जाताना सोबत मी असायचे. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती, नवं काही कळलं की तिला सांगितल्यावाचून राहवायचं नाही. एकदा तिनं विचारलं, तुमच्या आईला, आजीला, मावश्यांना असं काही होतं का? बाई म्हणाल्या, आई म्हातारी होऊन सुखानं गेली, मावश्या अजून शेतात जातात. डॉक्टरीण म्हणाली, मग बरं आहे. आणि बाईंनी कशावरून म्हटल्यावर ती खुर्ची ओढून बसली. परदेशात नुकतंच एक जनुक सापडलंय, म्हणाली. त्यातली चूक काही घरांत उपजत येते, आणि त्या घरच्या बायकांना हा आजार जास्त गाठतो. पण बहुतेकींचं तसं नसतं. त्यांच्या जनुकातल्या चुका जगता जगता जमा झालेल्या असतात, त्या एका अवयवातल्या, आणि त्या पोराबाळांत उतरत नाहीत. तुमच्याकडे कुणालाच नाही म्हणजे तुमचं दुसऱ्या प्रकारचं असावं. तपासून खात्री करायची तर तशी सोय अजून इथं नाही.

परतीच्या एसटीत बाई इतक्या खुशीत होत्या की मला जरा भीतीच वाटली. तासगावला त्यांनी द्राक्षं घेतली आणि सगळ्या गाडीला वाटली. मला समजावून सांगायला लागल्या. "आपल्या दाराला दोन कड्या असतात ना, वर एक, खाली एक. तसं हे जनुक. एक आईनं दिलेली कडी, एक बापानं दिलेली. दोन्ही निखळल्या की चोर आत. बहुतेकांच्या दोन्ही धडधाकट असतात, गंजायच्या त्या इथं आल्यावर गंजतात. पण काहींची एक कडी जन्मापासूनच निखळलेली असते, अंगातल्या प्रत्येक दाराची. मग दुसरी कडी गंजायचा काय तो अवकाश." मी विचारलं, म्हणजे तुमच्या दोन्ही इथंच गंजल्या? "हो. म्हणजे माझं माझ्यापाशी संपलं. पोरांकडे काही जात नाही," बाई म्हणाल्या. आपल्याला काय झालंय याचं त्यांना त्या क्षणी काही वाटत नव्हतं. मी माझ्या वाटणीची द्राक्षं रुमालात बांधून ठेवली.

त्या वर्षी सर्वपित्रीला त्यांनी माहेरी जायचं काढलं आणि सोबत मलाही नेलं. इंजेक्शनं संपली होती, बारीक केस यायला लागले होते. गाव तसं कोरडंच, पण आदल्या आठवड्यात एक सर पडल्यामुळे बाजरी तरारली होती. भाऊ, म्हणजे दादा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. बहिणीला बघून हा ताठ माणूस गोठ्याकडे निघून गेला आणि डोळे पुसून आला. वहिनीनं कढी, वडे, खीर, गवारीची भाजी असं सगळं केलं होतं. दादानं छपरावर कावळ्याला घास ठेवला आणि हात जोडून नावं घेतली. पैलवानतात्या, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, मग आई, मग आजी.

बाई मागं उभ्या होत्या. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "दादा, आपल्या आत्या?"

"त्या दिलेल्या," दादा म्हणाला. "त्यास्नी त्यांच्या घरी घालत्यात."

तेवढंच. पण बाईंचा घास ठेवायला गेलेला हात तसाच राहिला. जेवणं झाल्यावर त्या बनाकाकीपाशी जाऊन बसल्या. बनाकाकी म्हणजे त्यांची थोरली चुलती, जुनी, दात नसलेली, पण डोकं शाबूत. पैलवानतात्यांना तीन बहिणी होत्या, सखू, ठकू आणि हौसा, आणि तिन्ही तीन गावांत दिलेल्या. त्या कशानं गेल्या, हे बाईंनी विचारलं. मी शेजारी सुपारी कातरत होते.

"हौसा म्हातारी हून गेली," बनाकाकी म्हणाली. "सखूचं प्वॉट फुगलं व्हतं. दिस ऱ्हायलं म्हणून सासू लय खूश झाली, डव्हाळजेवान बी घातलं. बाळ काय आलं न्हाई. तीच गेली."

"आणि ठकूआत्या?"

"तिला जावंनं करनी केली म्हणत्यात. तिचं बी प्वॉटच."

एका गावात त्या पोटाला गरोदरपण म्हटलं, दुसऱ्या गावात करणी. दिलेल्या लेकींचं दुखणं ज्याच्या त्याच्या गावात राहिलं, आणि माहेरी त्यांचं नाव घ्यायचीही रीत नव्हती, मग त्या दोघींना शेजारी शेजारी कोण ठेवणार? बाई उठल्या आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या. बाजूच्या भिंतीवर तात्यांचा फोटो होता, लंगोट कसलेला, खांद्यावर गदा, कान सुटे. त्या फोटोकडे बघत होत्या.

गाडीत मला म्हणाल्या, "दोन्हीकडचं धर, दोन्हीकडचं धर म्हणून पोरांच्या मागं लागले जन्मभर. आणि डॉक्टरणीनं विचारलं तर माझ्या तोंडात फक्त आई आली. बायकांचं दुखणं बायकांकडूनच येणार, असं मलासुद्धा वाटलं बघा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तात्यांना काही झालं नाही. त्यांनी नुसतं पोचवलं."

त्यानंतर बाई पहिल्यासारख्या झोपल्या नसाव्यात. मला त्यांनी जे सांगितलं ते एवढंच. तात्यांकडून आपल्याकडे आलं असेल तर दादाकडेही आलं असू शकतं, आणि दादाकडून रंजीकडे. आपल्याकडून अजितकडेही. दोघांची गाठ घातली तर उद्याच्या नातीला दोन्ही अंगांनी धोका, आणि तो धोका आपण होऊन, कौतुकानं, पाळण्यात बोलणी करून आणलेला. मी म्हटलं, दादांना खरं सांगून टाका. बाईंनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. दादा वहिनीला सांगणार, वहिनी तिच्या बहिणीला. दादाला तीन मुली. पुढच्या जत्रेच्या आत घराण्याला रोग आहे म्हणून बोभाटा होणार, आणि मग त्या पोरींना कोण विचारणार? "आणि पुरावा काय माझ्याकडे? एका म्हातारीचं बोलणं. तपासणी नाही. मी चूक असले तर? तीन पोरींच्या कपाळावर शिक्का मारू मी, नुसत्या संशयावर?" मग लग्न होऊ द्या, असंही मी म्हणून पाहिलं. त्यावर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आयुष्यभर कशावरून विचारणारी ही बाई, हातात पुरावा नसताना आता नको म्हणणार होती, आणि तेही कारण न सांगता.

दसऱ्यानंतर दादा बाजरीचं पोतं घेऊन आला. तारीख काढायलाच आला होता. मी चहा टाकायला खाली आले होते. रंजी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

"ही सोयरीक नको, दादा," बाई म्हणाल्या.

दादाला आधी थट्टा वाटली. मग त्यानं विचारलं, अजित नको म्हणतोय का? बाई म्हणाल्या, मी म्हणतेय. कशापायी, असं दादानं विचारलं. पुन्हा विचारलं. ज्या बाईंनी सगळ्या गावाला कारणं विचारली त्या बाई खाली बघून गप्प बसल्या होत्या. स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला.

"ईट्याचं सोनं लागलं तुला, कमल," दादा म्हणाला. "माणातली पोर नगं झाली."

"तसंच समज."

"मंग आजपास्नं मला भन न्हाई. तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई मी."

तो उठला. मी कसंबसं म्हटलं, पोतं तरी. भणीला आणलेलं परत नेत नाहीत, एवढं माझ्याकडे बघून म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. रंजीनं आपली ट्रंक भरली. आत्तीच्या पाया पडली, पण वर पाहिलं नाही. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला तोवर ती दारात पोचली होती. संध्याकाळी तवा उतरवून ठेवला तेव्हा त्यावर एक भाकरी करपून काळी झालेली होती. बाईंनी ती फेकू दिली नाही. वरचं करपलेलं खरवडून काढलं आणि ती भाकरी त्यांनी खाल्ली, खाताना रडल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

तुळशीची लग्नं उरकली आणि दादानं रंजीचं लग्न कडेगावकडच्या एका ऊसवाल्या घरात लावून दिलं. आत्याला निमंत्रण नव्हतं. त्या दिवशी बाई शाळेत आल्या, सगळे तास घेतले. शिकवताना त्या कधी बसत नसत. त्या दिवशी शेवटच्या तासाला खुर्चीवर बसून शिकवलं. एका मुलीनं विचारलं, बाई, बरं वाटत नाही का? बाई म्हणाल्या, "आज माझ्या घरी लग्न आहे, दमलेय." पोरींना वाटलं खरंच, आणि त्या पेढे मागायला लागल्या. बाईंनी शिपायाला पाठवून पेढे आणवले आणि वाटले.

अजितला त्यांनी खरं सांगितलं होतं. तो ऐकून घेऊन दक्षिणेला निघून गेला, आणि पुढं कितीतरी दिवस आईशी त्यानं फोनवर पैसे पोचले का यापलीकडे बोलणं केलं नाही. पोरगा होता, राग कुणावर काढणार.

आजार परतला. पोटात पाणी व्हायला लागलं, मिरजेला जाऊन काढून आणायचं, ते पुन्हा भरायचं. बाईंचे मालक दुकान दुसऱ्यावर सोपवून आले आणि बायकोच्या उशाशी बसले. हा माणूस आधी मला फारसा माहीतच नव्हता. ज्याची उभी हयात भट्टीसमोर गेली, त्याचे हात भाजून भाजून चामड्यासारखे झालेले. त्या हातांनी तो बाईंचे पाय दाबायचा. एकदा ओट्यावर मला म्हणाला, "आवं बाई, सोन्यात कितीबी हीण असू द्या, आमी भट्टीत घालून काढतो. रक्तातलं काढाय येत न्हाई व्हय कुनाला?"

शेवटी शेवटी बाईंचा तो मैदानभर जाणारा आवाज पार बसला. तोंडाजवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नसे. एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं आणि रंजी आली तर तिला काय सांगायचं ते ठरवलंय म्हणाल्या. "पोट फुगलं, जेवण जाईना, तर गॅस म्हणून बसू नको. करणी म्हणून कुणाला बोलावू देऊ नको. मिरज गाठ, आणि सांग की माझ्या आत्याला होतं, तिच्या आत्यांना होतं. त्यांची नावं सांग. आता ती सासरची झाली, तिचं लग्न मोडायचं भय नाही. धाकट्या दोघींचं झालं की तिनं त्यांना सांगायचं." मी विचारलं, ती घाबरली तर? "आलं असेलच असं नाही. हौसाआत्या म्हातारी होऊन गेली. तेही सांगेन." आणि तुम्ही नको का म्हणालात, ते? "ते सांगावं लागणार नाही. माझ्याच वर्गातली आहे ती," बाई म्हणाल्या. पण रंजी येईल असं मला वाटत नव्हतं, आणि बाईंनाही वाटत नसावं.

ती आली. भर दुपारी, कडेवर दोन-तीन महिन्यांची मुलगी. माहेरी बाळंतपणाला आली होती, तिथूनच. दाराशी पूर्वीसारखीच थबकली. मग पलंगाजवळ जाऊन बसली आणि बाळ आत्तीच्या कुशीत ठेवलं. बाईंनी काडीसारख्या झालेल्या बोटानं बाळाचं टोपडं सरकवलं आणि कान पाहिला. सुटा, लोंबता.

"तात्यांचा," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि त्याच चेहऱ्यावर धास्ती होती. मी तोंड फिरवलं.

रंजीनं सांगितलं, अण्णा एसटी स्टँडवर बसलेत. तिचे वडील. मुलीला विट्यापर्यंत आणून सोडलं, पण उंबऱ्याची शपथ घेतलेली. बाईंनी मला खूण केली. मी फ्लास्कमध्ये चहा भरून स्टँडवर गेले. दादा बाकावर ताठ बसला होता, टोपी गुडघ्यावर. चहा घेतला. बशी हातात धरून विचारलं, जेवते का ती? मी नाही म्हटलं. त्यानं बशी रिकामी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "मी इचारलं म्हणून सांगू नगा."

मी परत आले तेव्हा मालक ओट्यावर बसले होते, आणि आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बाळ पलंगावर झोपलं होतं. रंजी खाली वाकून आत्तीच्या तोंडाशी कान लावून होती, आणि बाई बोलत होत्या. मला ऐकू आलं नाही. काय बोलत होत्या ते मला ठाऊक होतं. फक्त रंजी मधेमधे त्यांच्यामागून हळू म्हणत होती, वर्गात म्हणायची तशी, ते मला ऐकू आलं. सखूआत्या. ठकूआत्या. मग हुंदका देऊन, कमलआत्ती.

बाई थांबल्या. रंजी तशीच वाकून राहिली होती. तिला सगळं कळलं होतं, ते तिच्या पाठीवरून दिसत होतं. मग तिनं आत्तीला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं, आणि एक हात मोकळा करून, कानात नाव सांगितल्यावर आत्याला मारतात तसा, त्या हाडं निघालेल्या पाठीवर अगदी अलगद टेकवला.

"हळू मार गं," साळुंखेबाई म्हणाल्या. "लागतं."